पाव फेरा

३ तारीख, सोमवार

कामावर होते तेव्हा आम्ही प्रत्येक फाटक्या कागदाची नोंद ठेवायचो. आला तेव्हा कसा होता, त्याचं काय केलं, परत गेला तेव्हा कसा होता. त्याच सवयीने ही वही काढली आहे. रुग्ण: वॉशिंग मशीन, पुढून दार असलेलं, वय नऊ वर्षं. तक्रार: खालून पाणी.

गेल्या आठवड्यात दोनदा पाणी आलं, मी पुसलं आणि गप्प बसले. आज खालच्या मजल्यावरच्या शिवणकाकू वर आल्या. त्या पडदे शिवतात. त्यांच्या कापायच्या टेबलावर छतातून थेंब पडला आणि कुणाच्या तरी पांढऱ्या पडद्यावर तपकिरी डाग उमटला.

"मी भांडायला आलेले नाही," काकू म्हणाल्या, आणि मग दारात उभ्या राहून पंधरा मिनिटं भांडल्या. आतून बाबा ओरडले, "कोण आहे?" मी म्हटलं, "काकू आहेत. खुशाली विचारतायत." काकूंना हसू आलं आणि तेवढ्यावर मिटलं. पुढच्या वेळी मिटणार नाही, असं मात्र जाताना बजावून गेल्या.

मशीन स्वयंपाकघर आणि बाथरूम यांच्यामधल्या पॅसेजमध्ये आहे. त्याचं दार उघडं असलं की बाथरूमचं दार उघडत नाही. दोन वर्षांपूर्वी बाबांना झटका आला, डावी बाजू गेली, आणि मी नोकरी सोडून घरी आले. तेव्हापासून निम्मा दिवस या पॅसेजमध्ये जातो. एका हाताने बाबांना धरायचं, दुसऱ्या हाताने दारं लावायची-उघडायची. आपण माणूस आहोत की बिजागरी, असा प्रश्न पडतो.

आणखी एक नोंद, मशीनशी संबंध नसलेली. शनिवारी पत्र आलं. रेल्वेने सहा तासांवरच्या शहरात जुन्या दप्तरांचं संग्रहालय आहे, तिथे कागद-दुरुस्तीची जागा रिकामी झाली आहे. आमच्या जुन्या विभागप्रमुख बाई आता तिथे आहेत, त्यांनी माझंच नाव सुचवलं. येणार की नाही ते वीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत फोन करून सांगायचं. एक तारखेला रुजू व्हायचं. पत्र टेबलाच्या खणात टीपकागदांच्या खाली ठेवलंय. बाबांना सांगितलेलं नाही. आधी मशीन नीट होऊ दे, मग बघू.

४ तारीख, मंगळवार

मेकॅनिकला बोलावते म्हटलं तर बाबा उखडले. "ते लोक बिघाड शोधत नाहीत, पार्ट बदलतात. मी तीस वर्षं पंप तपासले. गळती कशी शोधायची ते मला कुणी शिकवू नये."

बाबा पंपांच्या कारखान्यात तपासनीस होते. त्यांच्या सहीशिवाय एकही पंप बाहेर जात नसे, हे मी आजवर काही हजार वेळा ऐकलं असेल. त्यांची खुर्ची पॅसेजच्या तोंडाशी आणून ठेवली. तिथून त्यांनी हुकूम सोडला: पाणी जिथून आत शिरतं तिथून सुरुवात करायची आणि जिथून बाहेर पडतं तिथे संपवायचं. मधली पायरी गाळायची नाही.

म्हणजे आधी मागचा नळ. मशीन पुढे ओढलं, भिंत आणि मशीन यांच्यामधल्या फटीत शिरले, आणि पाय लागून मशीन परत मागे सरकलं. झालं. पुढे मशीन, मागे भिंत, डावीकडे भिंत, उजवीकडे नळाचा पाईप. हात हलवता येत होता, बाकी काही नाही. वर चढून यावं तर मशीनवर पावडरचे डबे रचलेले. हसावं की रडावं कळेना.

"बाबा, अडकले."

"मग तिथे आहेस तोवर नळी खोल."

"पाना तिकडे राहिला."

थोड्या वेळाने पाना मशीनखालून सरकत माझ्या पायाशी आला. मला वाटत होतं तो स्वयंपाकघरात ओट्यावर राहिलाय, पण बाबांच्या हाताशीच असावा. माझं हल्ली असंच होतं, वस्तू कुठे ठेवल्या ते आठवत नाही.

नळीच्या तोंडातलं रबरी वायसर दगडासारखं कडक झालं होतं. नवीन वायसर घरात होतंच, ते घातलं. मग ढकलत ढकलत बाहेर निघायला पाऊण तास लागला. तेवढ्यात दोनदा फोन वाजून बंद झाला. धुणं लावलं. मागची बाजू कोरडी. पुढे अजून पाणी आहे, पण आधीच्या निम्मं.

६ तारीख, गुरुवार

आज दारापाशी आलो. दाराच्या रबराची घडी बोटांनी उलटी करून पाहिली. आत सापडलं ते: एक केसांची पिन, शर्टाची दोन बटणं, लोकरीच्या धाग्यांचा गोळा, आणि बाबांची एक गोळी, धुऊन पांढरी झालेली. पिनेमुळे दार एका जागी नीट टेकत नव्हतं. काढली, रबर पुसून घेतलं.

पावडरच्या खणातूनही फेस बाहेर येत होता. बाबा म्हणाले, "पावडर किती टाकतेस?"

"दोन चमचे जास्त."

"का?"

"चादरींचा वास जावा म्हणून." बोलून गेले आणि जीभ चावली. बाबा खिडकीकडे बघत बसले. खरं म्हणजे गेले दोन-तीन महिने रात्रीची चादर क्वचितच ओली होते, नव्या गोळ्यांचा गुण दिसतोय. पण माझी पावडरची सवय गेली नव्हती. आता मापाने टाकणार.

दुपारी टीपकागद काढण्यासाठी टेबलाचा खण उघडला. पत्र पाकिटात उलटं घातलेलं होतं. मीच घाईत घातलं असणार.

९ तारीख, रविवार

कोरडं!

पूर्ण धुणं, दोन चादरी, चार टॉवेल, बाबांचे पायजमे. खाली वर्तमानपत्र पसरून मी स्टुलावर आणि बाबा खुर्चीत, सव्वा तास बसून राहिलो. एक थेंब नाही. बाबांनी वर्तमानपत्र मागून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "पास." त्यांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. फार बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं कशावर तरी एकत्र खूश झालो होतो.

मग स्वयंपाकघरात जाऊन धाकट्याला फोन केला आणि पत्राचं सांगितलं. माझा भाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. तो म्हणाला, "ताई, मी तिथे येऊन राहायला तयार आहे. दिवसा एक बाई ठेवू. पण मला कामाच्या पाळ्या आहेत. बाबांना आपलं आपण उठून बाथरूमला जाता येत असेल तर जमेल. प्रत्येक वेळी धरून न्यावं लागत असेल तर नाही जमणार. मी खोटं कशाला बोलू?"

खोटं बोलला नाही याचा राग आला. पण त्याचं चूक नाही.

"कोणाचा फोन?" बाबांनी विचारलं.

"धाकट्याचा. मशीन चालतंय का विचारत होता."

"त्याला कधीपासून मशीनचं पडलंय?" बाबा म्हणाले. मी चादरी वाळत घालायला गेले.

मशीन नीट झालं आहे. आता बसून विचार करायला हवा.

१० तारीख, सोमवार

पुन्हा पाणी.

औषधं आणि भाजी आणायला चाळीस मिनिटं बाहेर गेले होते. आल्यावर धुणं लावलं आणि दहाव्या मिनिटाला उजव्या कोपऱ्यातून ओघळ. तिथे खाली एक छोटी खिडकी आहे, ती उघडली की आत गाळणीचं गोल झाकण. ते जरासं सैल होतं. काल बाबांच्या सांगण्यावरून गाळणी साफ केली होती, मीच नीट पिळलं नसणार. घट्ट केलं, पाणी बंद.

खरं लिहायचं तर ओघळ दिसला तेव्हा मला हायसं वाटलं. का ते माहीत नाही. थकवा असेल.

१२ तारीख, बुधवार

झाकण पुन्हा सैल. अगदी थोडं, पाव फेरा. सोमवारी मी दोन्ही हातांनी पिळलं होतं, मनगट दुखेपर्यंत.

बाबा म्हणाले, "आटे झिजलेत. मशीन थरथरतं, त्याने सुटत जातं. तू रोज धुण्याआधी तपासत जा. मी आठवण करीन."

"रोज?"

"मग? यंत्र म्हटलं की लक्ष द्यावं लागतं. सोडून थोडंच जाता येतं?"

म्हणजे रोज गुडघ्यावर बसायचं, खिडकी उघडायची, झाकण पिळायचं, आणि धुणं चालू असेपर्यंत तिथून हलायचं नाही. मी नसताना हे कोण करणार? धाकट्याला तर साधा बल्ब बदलता येत नाही.

दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, प्रत्येक दारावर ओली चादर. एका खोलीतून दुसरीत जाताना तोंडावर ओला कपडा येतो. आज एक चादर हाताने बाजूला केली तर पुढे दुसरी होती. मी तिथेच थोडा वेळ उभी राहिले. बाबांनी हाक मारली, "मोठे, कुठे आहेस?" म्हटलं, "इथेच. मी कुठे जाणार?"

१३ तारीख, गुरुवार

नवीन झाकण मिळालं, नव्या रबरासकट. बसवलं. धुणं कोरडं. बाबांनी "पास" म्हटलं नाही, नुसतीच मान हलवली.

आज फिजिओथेरपिस्टबाईंचा फोन आला होता. दोन महिन्यांपूर्वी बाबांनीच त्यांना बंद केलं, काही फरक पडत नाही म्हणून. त्या म्हणाल्या, "मला नवल वाटतं हो. त्यांच्या पायात ताकद होती. आतापर्यंत चालायला हवे होते." मी म्हटलं, वय झालं. लोकांना काय जातंय सांगायला. रोज बाबांचं पूर्ण वजन माझ्या खांद्यावर येतं, ते त्यांना थोडंच दिसतं?

१४ तारीख, शुक्रवार

नवीन झाकण. पाव फेरा सैल. पाणी.

आता माझंच डोकं ठिकाणावर आहे की नाही अशी शंका येते. म्हणून माझ्या धंद्यातली रीत वापरली. टीपकागदाच्या बारा पट्ट्या कापल्या, नंबर घातले, मशीनखाली ओळीने ठेवल्या. जी आधी भिजेल तिच्यावर गळती. झाकण घट्ट करून मशीन लावलं तर बाराही कोरड्या. मुद्दाम पाव फेरा सैल करून लावलं तर सातवी भिजली, बरोबर झाकणाखालची. म्हणजे गळती दुसरीकडे कुठेच नाही, सगळा प्रश्न झाकणाचा.

टीपकागद कापताना हातांना बरं वाटलं. पट्ट्या मात्र वाकड्या कापल्या गेल्या. पूर्वी मी डोळे मिटून सरळ कापायचे. दोन वर्षांत हात विसरले असतील तर? तिथे जाऊन बाईंसमोर एखाद्याचं तीनशे वर्षांपूर्वीचं पत्र फाडून ठेवलं तर? हे धाकट्याला सांगता येत नाही. इथे लिहिते.

दुपारी शिवणकाकू येऊन गेल्या. बसल्या नाहीत. टेबल भिंतीपाशी सरकवलंय आणि अंधारात कापतेय, एवढंच म्हणाल्या. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१५ तारीख, शनिवार

बाबांना न विचारता मेकॅनिकला बोलावलं. बाबा सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडले होते. पण बेल वाजल्यावर म्हणाले, "मला खुर्चीत बसव. काय करतो ते बघतो."

मेकॅनिक वयस्कर, शांत माणूस. चष्मा दोरीने गळ्यात. त्याने झाकण काढलं, आटे बोटाने चाचपले, रबर पाहिलं, घट्ट केलं, मशीन जोरात फिरवलं, पुन्हा पाहिलं. तीनदा. झाकण जागचं हललं नाही.

"ताई, झाकण उत्तम आहे. हे आपोआप सुटत नाही. हे हातानेच सुटतं."

"मी रोज घट्ट करते."

"करत असाल ना. मी कुठे नाही म्हणतो?" मग बाबांकडे वळून त्याने विचारलं, "काका, तुम्ही कुठे होतात कामाला?"

"पंपांच्या कारखान्यात. तपासनीस."

"मग तुम्हाला तर माहीतच आहे," मेकॅनिक म्हणाला. बाबांनी चहा थंड झाल्याची तक्रार केली.

निघताना दारात त्याने हळूच सांगितलं, "घट्ट केल्यावर झाकणावरून बाहेरच्या पट्टीपर्यंत एक बारीक रेघ मारून ठेवा. रेघ सरकली की कळेल."

मला त्याचा इतका राग आला. म्हणजे मी वेंधळी, नीट पिळत नाही, असंच ना? सज्जनपणे बोलला म्हणून काय झालं? आता रेघ मारतेच आणि दाखवतेच त्याला.

१७ तारीख, सोमवार

रेघ मारली. पेन पुसलं जातं म्हणून टेबलाच्या खणातला एका जुन्या पेन्सिलीचा तुकडा काढला. पूर्वी कचेऱ्यांत असायच्या त्या पेन्सिली, कोरड्या असताना करड्या दिसतात, ओल्या झाल्या की जांभळ्या होतात आणि पसरतात. आमच्या कामात त्या शत्रूच. कागद धुवायला घेतला आणि अशी एक ओळ नजरेतून सुटली की अख्खं पान जांभळं. एक तुकडा नमुना म्हणून ठेवला होता. झाकणाच्या मुठीवर चांगली दोनदा गिरवली आणि पुढे पट्टीपर्यंत नेली. करडी, बारीक, लक्षातही येत नाही. बाबा झोपले होते. त्यांना सांगितलं नाही, पेन्सिलीवर व्याख्यान ऐकायची ताकद नव्हती.

तीन दिवस उरले.

१८ तारीख, मंगळवार

रेघ सरकली! पाव फेरा, अगदी मोजून. सकाळी भाजीला गेले तेव्हा सरळ होती, आल्यावर सरकलेली. मशीन तर बंद होतं. म्हणजे मी नीट पिळत होते, मी वेंधळी नाही. लगेच मेकॅनिकला फोन करून सांगितलं, बघा, आपोआप सुटतं. तो म्हणाला, "बरं ताई. तब्येतीला जपा."

धाकट्याला कळवलं की नाही जमणार. मशीन असं, बाबा असे. तो म्हणाला, "तुझं तू ठरव, पण बाईंना फोन तूच कर." उद्या करीन. नाही म्हणायला फोन करायचा म्हणजेही हिंमत लागते.

बाबांच्या डाव्या अंगठ्याला काहीतरी जांभळं लागलंय. जेवताना दिसलं. साबणाने चोळलं तरी जाईना. त्या हाताची तर बोटंही वळत नाहीत, लागलं कुठून? नव्या गोळ्यांच्या वेष्टनाचा रंग असेल. उद्या औषधाच्या दुकानात विचारायला हवं.

१९ तारीख, बुधवार

औषधाच्या दुकानात रांगेत उभी होते. माझा नंबर आला, दुकानदाराने विचारलं, "काय हवंय?" मी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग काहीही न घेता घरी आले.

दार हळूच उघडलं. चादरींच्या फटीतून पॅसेज दिसतो. बाबा चालत होते. वॉकर नाही, काठी नाही, एक तळवा भिंतीला टेकवलेला. डावा पाय जरा ओढत, पण चालत. मशीनपाशी पोचले, स्टूल पायाने पुढे ओढलं, बसले. खिडकी उघडली. माझ्यासमोर चमचाही न धरणाऱ्या डाव्या हाताने झाकण धरलं आणि फिरवलं. मान वाकडी करून नीट पाहिलं, जसं काम तपासतात तसं. खिडकी लावली. उठले.

दोन वर्षं मी ज्या दृश्यासाठी झुरले ते हेच. माझे बाबा एकटे चालत होते. मला आनंद व्हायला हवा होता. मला त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. तेही केलं नाही. दार लावून खाली आले आणि काकूंच्या पायरीवर बसून राहिले. आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. काकूंनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाणी आणून दिलं. भांडल्या नाहीत.

नेहमीची चाळीस मिनिटं झाल्यावर वर गेले. बाबा खुर्चीत, पाय उशीवर, जसे ठेवून गेले होते तसे. "भाजी?" त्यांनी विचारलं.

"नाही मिळाली."

झाकण घट्ट केलं. धुणं लावलं. दुपारी त्यांना धरून बाथरूमला नेलं. पूर्ण वजन माझ्या खांद्यावर. मी काहीच बोलले नाही. बोलले असते तर काय बोलले असते ते मला आत्ताही माहीत नाही. मला त्यांचा राग येतो, कीव येते, आणि लाज वाटते. लाज कशाची ते उद्या बघू.

२० तारीख, गुरुवार

सकाळी दोघांनाही जेवण गेलं नाही. दोन वाजता मी स्टूल घेऊन त्यांच्यासमोर बसले, त्यांचा डावा हात हातात घेतला आणि अंगठा वर केला.

"ही माझी पेन्सिल आहे, बाबा."

त्यांनी हात सोडवून घेतला नाही. बराच वेळ अंगठ्याकडे पाहिलं. "रेघ मारलीस होय," ते म्हणाले. "मला दिसली नाही. चष्मा नव्हता."

"कधीपासून चालता?"

"तीन महिने. आधी रात्रीचं, भिंत धरून. वाटलं, नीट जमलं की तुला एकदम दाखवू."

"मग?"

"मग वाटलं, दाखवलं की तू जाशील."

"पत्र वाचलंत."

"हो. म्हटलं वीस तारीख निघून गेली की झालं. मग दाखवीन चालून. मी विचार केला होता, एकवीसला दाखवायचं." हे सांगताना त्यांचा आवाज इतका साधा होता की मला क्षणभर ते ठीकच वाटलं. मग जे आलं ते सगळं बाहेर आलं. मी ओरडले. माझा खांदा, माझी पाठ, धाकट्याला दिलेला नकार, काकूंचं छत, मेकॅनिकसमोर झालेली शोभा. म्हटलं, तीन महिने मी तुमचं वजन उचलतेय, तुम्हाला काहीच वाटलं नाही?

"वाटलं," बाबा म्हणाले. "रोज वाटलं. तू धरतेस तेवढाच वेळ तू जवळ असतेस. बाकी तू पॅसेजमध्ये असतेस. मशीन बिघडलं तेव्हा किती दिवसांनी आपण बोलत बसलो."

यावर ओरडता येईना. आणि मग मला माझी लाज कशाची ते कळलं. दहा तारखेला मीच लिहिलंय, पाणी पाहून हायसं वाटलं. ते बाबांना सांगितलं. "मलाही ते पाणी हवं होतं. तुम्ही सैल करत होतात, आणि मी रोज घट्ट करून मनात म्हणत होते, सुटू दे. मला भीती वाटते. हात चालत नाहीत आता पूर्वीसारखे."

बाबा हसले. माझ्यावर रागावायला हवे होते, पण हसले. "म्हणजे दोघं मिळून गळत होतो," ते म्हणाले.

तीन वाजले होते. मी म्हटलं, "बाबा, ते झाकण तुम्ही लावा. माझ्यासमोर."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी धरायला पुढे झाले नाही. उठवलंही नाही. ते उठले, पॅसेजपर्यंत आले, स्टुलावर बसले. झाकण काढलं, रबर कपड्याने पुसलं, आट्यांत बोट फिरवलं, बसवलं आणि पिळलं. डाव्या हाताला जोर पुरेना तेव्हा उजवा लावला. मग परत डावा. कपाळावर घाम आला. ते मुद्दाम सैल ठेवतील का, असं माझ्या मनात आलं, नाही असं नाही. पण तीस वर्षं तपासनीस असलेल्या माणसाला कुणी बघत असताना काम वाईट करता येत नाही. मी भरगच्च धुणं लावलं, दारांवरच्या सगळ्या चादरी काढून.

आम्ही दोघं जमिनीकडे बघत बसलो. सगळी दारं उघडी दिसत होती आणि घर एकदम मोठं वाटत होतं. मशीन पाणी भरू लागलं, फिरलं, थांबलं, पाणी टाकलं, परत भरलं. मला वाटत होतं थेंब पडावा, आणि वाटत होतं पडू नये. शेवटचं गरगर फिरणं सुरू झालं तेव्हा फरशी थरथरली आणि बाबांनी माझा हात धरला. मग थांबलं. बाबांनी वाकून खिडकीखाली तळहात फिरवला आणि मला दाखवला. कोरडा.

"कर फोन," ते म्हणाले.

मी उठायला गेले आणि पाय उचलेना. खरंच उचलेना. म्हटलं, "बाबा, मला नाही जमत. फोन आत टेबलावर आहे." पाच वाजायला वीस मिनिटं होती. मी स्टुलाशेजारी जमिनीवर बसले होते आणि लहान मुलीसारखी रडत होते.

बाबा उठले. भिंतीला हात न लावता, डावा पाय ओढत, पॅसेजमधून माझ्या खोलीत गेले. आतून खण उघडल्याचा आवाज आला. परत यायला त्यांना फार वेळ लागला, दाराशी एकदा डगमगले, मी हात पुढे केला तर "बस तू" म्हणाले. फोन आणि पत्र, दोन्ही आणून माझ्या हातात दिलं. नंबर खाली लिहिलेला आहे, असं बोटाने दाखवलं.

मी नंबर लावला. पलीकडून बाई "हॅलो, बोला" म्हणाल्या. मी "येते" म्हणाले, आधी नाव सांगायचंही राहून गेलं. बाई हसत काहीतरी विचारत होत्या, आणि बाबा अजून उभेच होते.